सराव वर्गातले बावीस तास

प्राध्यापक लोक संगणकाला घाबरतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला कुणी सांगूनही पटलं नसतं. ज्यांच्यासमोर साठ-साठ मुलं चिडीचूप बसतात, तीच माणसं माझ्या आईच्या खोलीत येऊन रडवेल्या आवाजात म्हणतात, "अहो, काहीतरी निळं आलं आणि सगळं गेलं हो!"

आईची खोली कॉलेजच्या ग्रंथालयामागे, जिन्याखाली. खिडकी नाही. एक लांबडं टेबल, दोन संगणक, स्टँडवर कॅमेरा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरीच वायरी. कॉलेजातल्या शिक्षकांना शिकवण्याची यंत्रं वापरायला शिकवणं ही तिची नोकरी. प्रोजेक्टर, माइक, ऑनलाइन परीक्षा, रेकॉर्ड केलेले तास, सगळं तिच्या गळ्यात. दारावर तिचं पद दोन ओळींत लिहिलंय, पण सगळे तिला वायरबाईच म्हणतात. आमची शाळा पलीकडच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथे.

आठवीपर्यंत मी अशी होते की हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझ्या तोंडातून अर्धाच शब्द बाहेर पडायचा. मग एकदा आई वरच्या वर्गात प्रोजेक्टर बघायला गेली असताना अर्थशास्त्राचे सर घामाघूम होऊन आले. "वायरबाई कुठायत? माझा आवाज मुलांना जातच नाही!" मी बघितलं, त्यांनी स्वतःच माइक बंद करून ठेवला होता. मी म्हटलं, "सर, तुम्हीच स्वतःला गप्प केलंय." ते इतके हसले, इतके हसले, की मला कळलं, आपण बोललेलं लोकांना आवडू शकतं! तेव्हापासून माझी गाडी सुसाट. कुणालाही मी शिकवायचे. नोट्स कशा चढवायच्या, परीक्षा कधी आपोआप बंद होईल ते कसं ठरवायचं. आई म्हणायची, "अगं, श्वास घे मधे."

फक्त एकच सर आमच्या खोलीत कधी आले नव्हते. भूगर्भशास्त्राचे. एकतीस वर्षं फळ्यावर शिकवलं, कोटाच्या दोन्ही खिशांत दगड, बाह्यांवर पांढरी धूळ. मुलं त्यांना खडूसर म्हणायची, आणि ते खडू सर आहे की खडूस सर आहे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आईने सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं तेव्हा त्यांनी चिठ्ठी पाठवली होती: "मला खडू आणि ओलं फडकं एवढं तंत्रज्ञान पुरतं."

ते एका दुपारी दारात उभे राहिले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वायरबाई, यायचं का आत?"

आई उठून उभीच राहिली. "या ना सर, बसा."

ते बसले आणि वेळापत्रक वाचून दाखवावं तसं सांगून टाकलं. घशात गाठ आहे. आठ आठवड्यांनी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर आवाज नाही.

आई म्हणाली, "अहो सर..."

"ते राहू दे. कामाचं बोलू." त्यांनी खिशातून एक काळा दगड काढला आणि टेबलावर ठेवून फिरवत राहिले. "प्राचार्य म्हणतात, तास रेकॉर्ड करून ठेवा. ते वर्गात लावू, तुम्ही तिथे बसा, मुलांनी विचारलं की लिहून उत्तर द्या. वर्ग तुमचाच राहील. नाही जमलं तर वर्ग नव्या मॅडमना. निवृत्तीला चार वर्षं आहेत माझ्या. मला चार वर्षं वर्गात बसायचंय. दुसरं काही नकोय."

मी मधेच तोंड घातलं. "पण गळ्याला लावायचं यंत्र मिळतं ना सर? त्यातून बोलता येतं."

आईने डोळे वटारले. सर मात्र माझ्याकडे वळले. "ऐकलंय मी एकाचं. डब्यात मधमाशी अडकल्यासारखं. तू ऐकशील तासभर?"

मी खरं तेच बोलले. "नाही."

"शाब्बास. मग मला हे बटण कुठलं ते शिकव."

असं ते सुरू झालं. रोज चार वाजता. आई परीक्षांच्या धबडग्यात होती, त्यामुळे सर माझ्या वाट्याला आले. पहिल्या दिवशी त्यांनी माउस हातात धरला तो अंडं धरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि एकदम ताठ. निवडणुकीच्या पोस्टरवर असतात ना, तसे.

"सर, बोला की."

"कुणाशी बोलू? समोर कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तू बटणाकडे बघतेस. मला माझ्याकडे बघणारं माणूस लागतं."

मग मी बटण दाबून त्यांच्यासमोर जाऊन बसायला लागले. आणि काय शिकवायचे ते! दगड हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "हा हातात घ्या. वजन बघा." आणि थांबायचे. खरंच थांबायचे, वर्गात दगड बाकाबाकावरून फिरेपर्यंत थांबायचे तसे. मी म्हटलं, "सर, एवढी शांतता नको, मुलांना वाटेल अडकलंय." ते म्हणाले, "बाई, दगडाला कोटी वर्षं लागली. त्यांना एक मिनिट लागू दे." मला ते बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्यांच्या तोंडून ऐकताना मी चार बोटं वर चालायचे.

एक अडचण होती. त्यांच्या खऱ्या ऑनलाइन वर्गात तास चढवला की त्याच क्षणी तो मुलांना दिसायचा. सरांना ते नको होतं. "मी अजून आहे. आत्ताच त्यांनी मला पडद्यावर बघून हळहळ करायची नाही." शिवाय त्यांना चुकायची भीती. म्हणून मी त्यांना सराव वर्ग दाखवला. आईने तो नवशिक्या प्राध्यापकांसाठी बनवलाय. रिकामा वर्ग, विद्यार्थी नाहीत, काहीही करा, कुणी बघत नाही.

"इथे बिनधास्त करा सर. इथे काहीच बिघडत नाही," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

बावीस तास झाले. एकेक थेट सराव वर्गातच रेकॉर्ड व्हायचा. आवाज आठवड्या-आठवड्याला खाली जात होता. सोळाव्या तासापासून दर पाच मिनिटांनी पाणी. विसाव्याला त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं, डोळे मिटून उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. बाविसावा तास नद्यांवर होता. शेवटी ते नेहमीसारखं "समजलं?" म्हणाले नाहीत. कॅमेऱ्याच्या मागे, खूप मागे बघितलं आणि म्हणाले, "प्रश्न असतील तर विचारा. मी मागच्या बाकावर बसलोय." मी बटण बंद केलं. मग त्यांनी टेबलावरचे दगड खिशात भरले आणि मला म्हणाले, "छान शिकवलंस."

आता फक्त ते बावीस तास सराव वर्गातून सरांच्या पुढच्या टर्मच्या, अजून मुलं न जोडलेल्या खऱ्या वर्गात न्यायचे होते. टर्मचा शेवटचा आठवडा, आईच्या खोलीबाहेर शिक्षकांची रांग. आई म्हणाली, "सरांचे तास हलवून देशील? सगळे उतरवून घे आणि तिकडे चढव."

मी बसले. पहिला तास उतरवायला वीस मिनिटं, चढवायला पंचवीस. ती निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. मी मनात गणित केलं, दोन दिवस जातील. आणि मला एक युक्ती सुचली. तास उचलायचा कशाला? त्याची लिंक घ्यायची आणि खऱ्या वर्गात चिकटवायची. दोन सेकंद! मी एक करून बघितला. खऱ्या वर्गात बावीस नंबरचा तास, सरांचा चेहरा, दाबलं की सुरू. अगदी हुबेहूब. मी चढवलेला पहिला तास आणि संगणकावर उतरवलेली त्याची प्रत कायमची पुसून तिथेही लिंकच लावली, सगळे एकसारखे दिसावेत म्हणून.

"झालं!" मी एका तासात ओरडले.

"एवढ्यात?"

"तुझी मुलगी आहे मी."

आईने रांगेतल्या दोन बाईंच्या मधे येऊन बघितलं. पहिला तास लावला, सर बोलले. शेवटचा लावला, सर बोलले. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि परत गेली. तिला तपासायला आणखी काय उरलं होतं सांगा?

सुट्टीत सरांचं ऑपरेशन झालं. आम्ही भेटायला गेलो नाही, त्यांनी कुणाला यायचं नाही म्हणून कळवलं होतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही खोली आवरत होतो. आई टेबलाखाली घुसून वायरी सोडवत होती. तिथूनच म्हणाली, "आणि तो सराव वर्ग रिकामा कर गं. नवी मंडळी येतील, जुना पसारा नको." हे दर टर्मला होतं. दर टर्मला तीच करायची, या वेळी मला सांगितलं म्हणून मी खुर्ची फिरवून ऐटीत बसले. तिथे अर्थशास्त्राच्या सरांच्या अर्धवट परीक्षा होत्या, कुणाचा तरी उलटा फोटो होता आणि सरांचे बावीस तास होते. मला वाटलं, जुन्या प्रती. मूळ तर तिकडे गेलेत. पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं का? हे परत मिळणार नाही.

मी "हो" दाबलं. गाणं गुणगुणत होते मी. कुठलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा पहिला वर्ग दुपारी होता. मी शाळेतून धावत गेले. मला बघायचंच होतं! मोठी खोली, उतरत्या बाकांची, साठ मुलं. सर शेवटच्या बाकावर बसले होते. गळ्याभोवती राखाडी मफलर, अंग अर्धं झालेलं, समोर हातात मावेल एवढी पांढरी पाटी आणि मार्कर. मला बघून त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली. मी जाऊन बसले. पुढे नव्या मॅडम. त्या तरुण आहेत, घाबरट आहेत आणि स्वभावाने चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "हा वर्ग सरांचाच आहे. मी फक्त बटण दाबणार." मुलं हसली. सरही हसले, नुसते खांदे हलले.

मॅडमनी बटण दाबलं.

पडद्यावर करडा चौकोन आला. मधे लिहिलं होतं: हे साहित्य उपलब्ध नाही.

"नेटचा प्रॉब्लेम असेल," कुणीतरी म्हणालं. मॅडमनी दुसरा तास लावला. करडा चौकोन. तिसरा. चौथा. आई दाराशी उभी होती, ती धावत पुढे गेली, वाकून बघायला लागली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ एकदम थांबली. तेव्हा मला कळलं.

सर पडद्याकडे बघत होते. साठ मुलं वळून त्यांच्याकडे बघत होती.

खोलीत परत आल्यावर आईने दार लावलं. "तू हलवले होतेस ना? चढवले होतेस ना?"

"लिंक लावल्या होत्या."

"लिंक?"

"दिसत होतं गं आई! चालू होत होतं!"

"कारण ते तिकडे होतं म्हणून!" आई इतक्या मोठ्यांदा माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मग ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "आणि रिकामा कर म्हणून मीच सांगितलं."

तिने यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "हो... हो, सराव वर्गातलंच. नाही, तुमच्या सूचनेत लिहिलंय, मान्य आहे. पण बघा ना एकदा. अहो, तो माणूस आता बोलू शकत नाही हो." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोललं. आई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. सराव वर्गातल्या साहित्याची वेगळी प्रत ते ठेवतच नाहीत.

प्राचार्यांना तिने सांगितलं, चूक माझ्या कक्षाची. माझं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सरांना मी सांगणार."

"मी सांगते. तू लहान आहेस."

"शिकवताना लहान नव्हते."

सर स्टाफरूमबाहेरच्या लाकडी बाकावर बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ते मी पुसलं. मीच. मी तास हलवलेच नव्हते, नुसत्या लिंक लावल्या होत्या."

त्यांनी पाटी उचलली. लिहिलं: "लिंक म्हणजे?"

देवा. त्यांना अजून तेच माहीत नव्हतं, कारण मी तेवढं एक कधी शिकवलंच नव्हतं. मग मी शिकवलं. त्या बाकाशेजारी उभं राहून, नाक ओढत. "सर, समजा तुमचे दगड जिन्याखालच्या खोलीत आहेत. ते उचलून वर्गात आणायचे होते. मी ते आणले नाहीत. मी वर्गाच्या भिंतीला एक भोक पाडलं, त्यातून ते खोलीतले दगड दिसायचे. म्हणून सगळ्यांना वाटलं, दगड वर्गातच आहेत. मलाही वाटलं. मग मी ती खोली झाडून काढली."

त्यांनी मान हलवली. समजलं होतं. इतकं स्पष्ट मी त्याआधी कुणालाच काही समजावून सांगितलं नसेल. त्यांनी फडक्याने पाटी पुसली, खूप वेळ पुसली, आणि लिहिलं: "घरी जा. आई वाट बघत असेल." माझ्याकडे बघितलं नाही.

प्राचार्यांनी आठवड्याची मुदत दिली. काही मिळालं तर बघू. मी म्हटलं, मिळेल! बावीसच्या बावीस तास मी समोर बसून ऐकलेत, मला पाठ आहेत, मी लिहून काढते, मॅडम वाचून दाखवतील, सर बसतील. शाळेत शेवटच्या बाकावर बसून मी तेच लिहायचे. पाच दिवसांत नद्यांचा तास पूर्ण झाला आणि वही घेऊन मी सरांकडे गेले. त्याच बाकावर.

ते वाचायला लागले. पहिल्या पानावर दोन शब्द दुरुस्त केले. दुसऱ्या पानावर त्यांचा विनोद होता, म्हातारी नदी आणि तरुण नदी भांडतात तो. तिथे त्यांचे खांदे हलले. मला इतकं बरं वाटलं! मग तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मी तिथे कंसात लिहिलं होतं: इथे सर थांबतात.

त्यांनी पाटीवर लिहिलं: "किती वेळ?"

"तुम्ही दगड खाली ठेवेपर्यंत," मी म्हटलं.

ते वहीकडे बघत राहिले. बोट त्या कंसावरच होतं. मग त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली आणि लिहिलं: "नको. पुरे आता."

मी म्हटलं, "सर, अजून एकवीस आहेत, मी लिहीन, मला आठवतात."

त्यांनी "पुरे" या शब्दाखाली रेघ ओढली.

वर्ग नव्या मॅडमना गेला. सरांना समित्यांवर कागदोपत्री काम देऊ केलं होतं, त्यांनी त्याऐवजी लवकर निवृत्ती घेतली. मॅडम बऱ्या शिकवतात म्हणे. त्यांचा माइक मीच लावून दिला. आईने लावायला सांगितला तेव्हा मी नाही म्हणणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून गेले.

ज्या दिवशी सर वरच्या मजल्यावरचं आपलं कपाट रिकामं करणार होते, त्या दिवशी मी शाळेतून सरळ तिथे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. कपाटात एकतीस वर्षांचे दगड होते, प्रत्येकाखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. अर्धे त्यांनी मॅडमसाठी तिथेच ठेवले. अर्धे एका खोक्यात भरले. खोकं त्यांनी उचलायला घेतलं, त्यांना दम लागला, गळ्यातल्या छिद्रातून घेतलेल्या श्वासाने मफलर आत-बाहेर व्हायला लागला. मी दुसऱ्या बाजूने धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, पण सोडलंही नाही. आम्ही दोघं तसेच, एकेक पायरी करत खाली आलो. आई जिन्याखालच्या दारात उभी होती. सरांनी तिला मान लवून नमस्कार केला. तिने केला, आणि आत गेली.

फाटकावर पहारेकरीकाका खुर्चीतून उठले. ते महिनाभर गावी होते, आजच कामावर आले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"अरे वा, सर! कुठे दौरा? मुलांना दगड दाखवायला नेताय का?"

सरांनी पाटीसाठी हात काढायला बघितला, पण दोन्ही हात खोक्याखाली होते. काका हसत उभे होते, उत्तराची वाट बघत. सरांनी माझ्याकडे बघितलं. बाकापाशी मी कबुली दिली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"नाही काका," मी म्हटलं. "सर आता येणार नाहीत. आज त्यांचा शेवटचा दिवस आहे."

"शेवटचा? का बरं? अजून तर वर्षं होती ना सरांची?"

"चार होती," मी म्हटलं, आणि पुढचंही सांगितलं, का ते, सगळं, माझ्या चुकीसकट. काकांनी टोपी काढली. सर शेजारी उभे राहून ऐकत होते. माझं सांगून होईपर्यंत त्यांनी खोक्याची आपली बाजू धरून ठेवली होती.